हापूसची दोन डझनांची पेटी: आमरस-पुरीच्या बेतासाठी घ्यावी का?

बागेतून थेट घरपोच येणारी कच्च्या हापूसची पेटी जरूर घ्यावी, पण बेताच्या आठ-दहा दिवस आधी. आदल्या दिवशी मागवलेल्या ‘तयार’ पेटीत आंबे वरून पिवळेधमक आणि आत आंबट, असं फार होतं.

पेटीवर ‘देवगड’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला. त्याच नावाने बाजारात कर्नाटकचा आंबाही येतो, म्हणून विक्रेत्याला बाग कुठली ते विचारा. आकार मध्यम, २०० ते २५० ग्रॅमचाच मागा.

पेटी आली की फळं पेंढ्यातच, एका थरात, एकमेकांना न टेकता ठेवा आणि दिवसाआड बघा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये टाकला की तो नीट पिकत नाही, साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावरही गोडी येत नाही. देठाशी वास सुटला, बोटाखाली फळ किंचित दबलं, सालीवर बारीक सुरकुती आली, की ते रसाला तयार.

पेटीचा खरा कस लागतो साक्यावर, म्हणजे फळाच्या आतल्या दोषावर. तापलेल्या जमिनीची धग लागून कोयीलगतचा गर नीट पिकत नाही. झाडावर जास्त राहिलेल्या फळात हे जास्त दिसतं. बाहेरून काहीच कळत नाही. कापल्यावर केशरी गरात फिकट पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग दिसतो. म्हणून हापूस दाबून मऊ करून थेट पातेल्यात पिळू नका. आधी एक फोड कापून कोयीपर्यंत बघा, नाहीतर एका फळापायी सगळा रस आंबटतो. चोविसात एखाद-दुसरा साका चालवून घ्यावा. चार-पाच निघाले, तर बदली फळं न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

चौघांच्या रसाला सहा ते आठ फळं लागतात. आधी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि देठाकडचा चीक पुसून घ्या. नुसत्या हापूसचा रस पुरीला जड होतो. त्यात दोन पायरी जातीचे आंबे मिसळले की तो हवा तसा सैल होतो आणि दूध घालावं लागत नाही. विक्रेता पेटीत पायरी घालून देत असेल तर ही मोठीच सोय. गर पुरणयंत्रातून काढा. मिक्सर फार फिरवला तर फेस येतो आणि रंग फिका पडतो. साखर चाखूनच घाला. चिमूटभर मीठ, सुंठ किंवा वेलची घाला आणि वाढताना वर चमचाभर साजूक तूप. दोन तास गार केलेला रस पुरे. फार थंड केला तर वास मरतो.

पुरीला दोन वाट्या कणीक, दोन चमचे बारीक रवा, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन आणि मीठ. पीठ घट्टच भिजवा. सैल पीठ किंवा तळणीचं कोमट तेल, दोन्हींमुळे पुरी तेल पिते.

जोडीला बटाट्याची सुकी भाजी आणि कुरडया. सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं आंब्याचं कालवण, करायचं असेल तर या पेटीतला हापूस वापरू नका, त्याला लहान रायवळ म्हणजे गावठी आंबेच हवेत. आठ रायवळ, वाटीभर ओलं खोबरं, तीन सुक्या मिरच्या, चमचाभर परतलेली मोहरी आणि चवीला गूळ. मोहरी शेवटी घालून दोन-तीनदाच फिरवा. जास्त वाटली की कडवट होते.

उरलेली पिकलेली फळं मात्र फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. तीन-चार दिवसांत संपवा, सुरकुतलेली आधी.