एसीचं आउटडोअर युनिट: भिंतीला की गच्चीवर?

दीड टनाच्या स्प्लिटचं आउटडोअर युनिट साधारण 30-40 किलोचं. वजन फार नाही, पण ब्रॅकेटवर ते रोज तासन्‌तास थरथरत असतं. त्यामुळे भिंतीला लावायचं तर आधी भिंत कसली ते बघा. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असेल तर साधे अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, हळूहळू सैल होतात. आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) बीम किंवा कॉलमचा आधार मिळाला तर उत्तम, नाहीतर ब्लॉकसाठीचे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचे बोल्ट) किंवा आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. कोकण-मुंबईच्या खाऱ्या हवेत ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेला) हवा. आतल्या युनिटपर्यंतचा पाइप मात्र आखूड राहतो, हा मोठा फायदा. अडचण सर्व्हिसिंगची: पाचव्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकणारा मेकॅनिक पाहवत नाही.

गच्चीवर माणूस निवांत उभा राहून काम करतो. पण खालच्या मजल्यांसाठी पाइप लांबतो, गॅस वाढवावा लागतो, कूलिंग थोडं घटतं. लांबी-उंचीची कंपनीची मर्यादा आधी वाचा. शिवाय नागपूरच्या मे महिन्यातली तापलेली गच्ची! आणि स्टँडसाठी स्लॅबला ड्रिल मारू नका. ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग थर) फुटला की पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळतं. रबर पॅडवर ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे पुरतात, स्टँड त्यांनाच बोल्टने कसायचा.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत, बाल्कनीतून हात पोहोचत असेल तर मी भिंतच निवडेन. वरच्या मजल्याला गच्ची. पाइपसाठी बीममधून कोअर कटिंग (मशीनने आरपार गोल भोक पाडणं) मात्र दोन्हीकडे नाही म्हणजे नाही.