हत्तींसोबत एक दिवस: पिन्नवला की चियांग माई?

सांगलीहून जोडीनं निघायचं तर खिशाला श्रीलंकाच बरी. पिन्नवला कोलंबो-कँडी रस्त्यापासून जवळ, त्यामुळं वाट वाकडी करावी लागत नाही. १९७५ साली अनाथ पिल्लांसाठी हे केंद्र सुरू झालं. बघायची ती आंघोळ. दुकानांच्या बोळातून अख्खा कळप महाओया नदीवर उतरतो. एवढं धूड, पण पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच, तळव्याला गादी असते ना! पिल्लं आयांच्या पायांत लुडबुडत पाण्यात बसकण मारतात. काही हत्तींच्या पायांत मात्र साखळ्या दिसतात. आमच्या हिनं तिथंच तोंड फिरवलं.

थायलंडमध्ये चियांग माईजवळचं एलिफंट नेचर पार्क वेगळ्या धाटणीचं. लाकूड ओढून, पर्यटकांना पाठीवर वाहून थकलेले हत्ती पार्कच्या संस्थापक लेक चायलर्ट यांनी इथं आणले. पाठीवर बसायला सक्त मनाई. मग दिवसभर करायचं काय? त्यांचं खाणं बघायचं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहाच संच मिळतात. शेवटचा झिजला की चावणं संपलं. म्हणून म्हाताऱ्या हत्तिणींना मऊ खाणं भरवतात. आम्हाला तरी याचा कंटाळा आला नाही. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात इथले दोन हत्ती गेले; २०१९ ची कृष्णा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पोरं सोबत असतील तर पिन्नवला. दोघंच असाल आणि बँकॉकहून पुढचा प्रवासखर्च झेपत असेल, तर डोळे झाकून चियांग माई. बुकिंग तेवढं आधी करा.