गूगल सर्च कन्सोल: आंब्याचे दोन हंगाम वापरल्यानंतर

रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेतला हापूस आम्ही थेट घरपोच पाठवतो. साइट मीच बांधली आणि मीच सांभाळते. मागच्या वर्षीच्या हंगामाआधी तिला सर्च कन्सोल जोडलं, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कुठे आणि कशी दिसते हे दाखवणारं गूगलचंच साधन. आता दुसरा हंगामही संपला. 2015 पर्यंत याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे. पूर्ण फुकट आहे, तरी आंबा, काजू, कोकम, होमस्टे अशा धंद्यांतले फार थोडे लोक ते उघडून बघतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जोडणी सोपी आहे. डोमेन (साइटचं नाव) जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदींत, एक ओळ टाकायची, साइटमॅपचा (साइटवरच्या पानांच्या यादीचा) पत्ता द्यायचा, झालं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो परफॉर्मन्सच्या पानाचा. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले, किंवा आपलं पान दिसूनही आले नाहीत, ते तिथे त्यांच्याच शब्दांत दिसतं. ‘हापूस ऑनलाइन’ वगैरे तर होतंच. पण खाली खाली जाल तसे खरे प्रश्न लागतात: पेटीत किती डझन असतात, कच्चा आंबा किती दिवसांत पिकतो, पिकायला ठेवलेला फ्रिजमध्ये ठेवायचा का, आतून पांढरट निघाला तर काय. शेवटचा प्रश्न म्हणजे साका. तो बाहेरून ओळखता येत नाही आणि पहिल्यांदा पेटी मागवणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. हेच प्रश्न गिऱ्हाइकं फोनवरही विचारत होती. मी त्यांची उत्तरं साध्या मराठीत लिहिली, प्रत्येक पानाच्या पहिल्या दोन ओळींतच. नंतर आंबा पिकवण्याच्या पानावर लोक शोधातून यायला लागले आणि तेच फोन कमीही झाले. गूगलसाठी वेगळं आणि माणसांसाठी वेगळं असं काही लिहावं लागलं नाही.

शोध देवनागरीत होतात तसे रोमन अक्षरांतही भरपूर होतात. रेजेक्सची (अक्षरांचा नमुना देऊन शोधायच्या पद्धतीची) चाळणी लावून दोन्ही वेगळे काढता येतात. रोमन मराठी पानात कोंबायचा मोह होतो, पण तसं पान वाचायला नकोसं होतं. मी मराठी पान नीट मराठीत ठेवलं, इंग्रजी पान वेगळं केलं आणि दोन्ही hreflang ने, म्हणजे कुठलं पान कुठल्या भाषेतलं हे गूगलला सांगणाऱ्या खुणेने, जोडली. पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांतच ठेवले. देवनागरी पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा एकेका अक्षरचिन्हाची टक्केवाली नऊ चिन्हं होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो लांबलचक पत्ता बघून लोक त्यावर बोट ठेवायला घाबरतात.

आता वेग. सर्च कन्सोलमधल्या कोअर वेब व्हायटल्स या अहवालात, म्हणजे पान वापरायला किती सुरळीत आहे हे सांगणाऱ्या अहवालात, तीन मापं आहेत: पानातला सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर पानाने 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा, आणि पान हलण्याचा आकडा 0.1 च्या आत राहावा. (मधलं माप मार्च 2024 पासूनचं.) हे आकडे क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या 28 दिवसांच्या वापरावरून निघतात. त्यामुळे हंगाम नसताना आमच्यासारख्या छोट्या साइटचा हा अहवाल रिकामाच असतो. तेव्हा पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासायच्या साइटवर पानाचा पत्ता टाकून बघायचं.

फरक पडला तो दोन-तीन साध्या गोष्टींनी. दरपत्रक आधी पोस्टरच्या फोटोत होतं. ते मजकुराच्या तक्त्यात आणलं. फोटोतला दर कॉपी करता येत नाही, कमी दिसणाऱ्या माणसाचा फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही, आणि शोधात तो सापडेल याचा भरवसा नाही. देवनागरी फॉन्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात, म्हणून दोनच जाडीचे फॉन्ट ठेवले आणि फॉन्ट उतरेपर्यंत मोबाइलमधलाच फॉन्ट दिसेल अशी सोय केली. प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिहून दिली, त्यामुळे पान वाचता वाचता मजकूर खाली सरकणं थांबलं.

हंगामी माल विकणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. दरवर्षी नवीन पान काढू नका. आमच्या पेटीचं पान कायम एकाच पत्त्यावर असतं. जूनमध्ये ते उडवत नाही, ‘हंगाम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत’ असं लिहिते आणि स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (पानातली शोधयंत्रासाठीची माहिती) माल शिल्लक नाही अशी खूण करते. त्या पानाने शोधात जी जागा मिळवली आहे ती पुढच्या वर्षी पहिल्यापासून मिळवावी लागत नाही.

सर्च कन्सोल आकडे फक्त 16 महिने ठेवतं. जूनमध्ये बसलात तर गेल्या वर्षीचा मार्च ते मे आणि यंदाचा शेजारी शेजारी बघता येतो. दिवाळीपर्यंत थांबलात तर गेल्या वर्षीचा हंगाम गेलेला असतो. म्हणून मी मे संपला की सगळं शीटमध्ये उतरवून ठेवते.

उणिवा आहेत. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, त्यामुळे बेरीज जुळत नाही. तक्त्यात 1000 ओळीच दिसतात. नवीन पान गूगलच्या शोधात घ्यायची विनंती करता येते, पण ते घेतलं जाईलच असं नाही. शोधातून आलेल्यांपैकी ऑर्डर किती जणांनी दिली, हे इथे कळतच नाही, त्याची नोंद आपणच ठेवायची. शोधाच्या यादीत आपलं पान सरासरी कितवं येतं, त्या क्रमांकाकडे रोज बघू नये. शहर, फोन आणि माणूस बदलला की तो बदलतो.

गूगलच्या शोधात पहिला नंबर हमखास मिळवून देतो म्हणणारे फोन तुम्हालाही येत असतील. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची लपलेली यादी) भरून देण्याचे पैसे मागत असतील तर तेही देऊ नका, क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही बघत नाही हे त्यांनी 2009 मध्येच सांगितलं.

ज्यांची साइट पाच-सहा पानांची आहे आणि सांभाळायला घरचंच कुणी आहे, त्यांनी हे नक्की जोडावं. आंबेवाल्यांनी मोहोर बघत असतानाच जोडावं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतले पहिले शोध हातातून निसटणार नाहीत.