जाड फाइल की जुना पत्रा? हॉट रॉड घेण्याआधी

अमेरिकेत जुनी हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-बदलून घेतलेली जुनी गाडी, विकायला निघते तेव्हा सोबत कहाणी येतेच. अमक्या नामवंत कारागिराने बांधलेली, 1940च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर शर्यतीत धावलेली, वगैरे. घेणाऱ्यापुढे सहसा दोन गाड्या उरतात. एकीची कागदपत्रांची फाइल जाडजूड, पण पत्रा बराच बदललेला. दुसरीचा पत्रा अस्सल जुना, पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ती कोणाकडे होती याचा पत्ताच नाही. किंमत सारखी असेल तर मी दुसरी घेईन.

आधी फाइलवाली. मालकीच्या कागदावरचा नंबर चॅसिसशी, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याशी, जुळला की लोक निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. 1932च्या फोर्ड व्ही-8चा नंबर चॅसिसच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असतो, '18'ने सुरू होणारा. त्या वर्षीची चॅसिस दिसायला देखणी, म्हणून पोरं तिच्यावर 1929च्या फोर्ड मॉडेल एची बॉडी बसवत. म्हणजे नंबर खरा, कागद खरा, आणि तरी बॉडी कुठली हे कळलेलं नसतं. शिवाय आता 1932च्या रोडस्टरची (उघड्या टपाच्या गाडीची) अख्खी पोलादी बॉडी नवी तयार मिळते. ती उघडपणे नवी म्हणून विकली तर त्यात काहीच वावगं नाही. जुन्या नंबरावर चढवून तिला इतिहास चिकटवला, तर तो सरळसरळ खोटेपणा.

फाइलमधली पितळी पाटीही जपून बघा. कोरड्या तळ्यांवरच्या शर्यती 1937 साली स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन भरवायची. धावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर वेग कोरलेली पाटी लागायची. अशा पाट्यांच्या नकला मिळतात, आणि पाटी दोन स्क्रूंवर एका गाडीतून दुसरीत जाते. त्या काळच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत चालकाचं नाव सापडलं तर पाटीला वजन येतं, तरी ती गाडी हीच हे सिद्ध व्हायचं राहतंच.

आता पत्र्यावाली. छत कापून खाली घेतलेलं असेल तर आतलं अस्तर उतरवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच थांबा. जुन्या गॅस वेल्डिंगचा सांधा रुंद आणि पसरट, आजूबाजूचा पत्रा उष्णतेने ओढला गेलेला, हातोडीने ठोकून सरळ केल्याच्या खुणांसह. हल्लीच्या मिग वेल्डिंगची (विजेवर, तार वितळवून केलेल्या) रेघ अरुंद आणि उठावदार. सांध्यावर भरलेलं काय आहे तेही पाहा. चाकूचं टोक ओढलं की शिसं चकाकतं आणि त्याची सालपटं निघतात. प्लॅस्टिकच्या लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लगद्याचा, भुगा होतो. ही लांबी 1950च्या दशकाच्या मध्यानंतरची. म्हणून 1949चं म्हटलेलं काम लांबीने भरलेलं असेल तर खुलासा मागायचा. मात्र उलटं गणित चालत नाही, शिसं भरणारे कारागीर आजही आहेत.

सुट्या भागांवरून फारसं ठरत नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मॉडेलपासून दिले, त्यामुळे 1937च्या बांधणीत ते दिसले तर नंतर बसवलेत एवढंच कळतं. हॉट रॉड म्हणजे सतत बदलत राहिलेली गाडी, तिच्याकडून 'कारखान्यातून निघाली तशी' ही अपेक्षाच चुकीची.

कागद आणि पत्रा दोन्ही बोलतात तेव्हा काय होतं ते हिरोहाता मर्क्युरीत दिसतं. 1951ची ही मर्क्युरी बॉब हिरोहाता यांच्यासाठी गाड्या बदलून देणाऱ्या बॅरिस बंधूंच्या गॅरेजने 1952 साली कस्टम केली, म्हणजे त्यांच्या आवडीप्रमाणे बदलून दिली. खिडक्यांमधले खांब काढले, बाजूला ब्युइकच्या पट्ट्या लावल्या. 1959 साली जिम मॅकनील यांनी ती पाचशे डॉलरला घेतली आणि पुढे साठेक वर्षं ती त्याच घरात राहिली. त्या काळचे फोटो भरपूर, आणि जुनं काम त्याच पत्र्यावर टिकलेलं. 2022च्या लिलावात तिला एकवीस लाख डॉलरच्या वर किंमत आली.

मालकीची अशी सलग साखळी क्वचितच मिळते. म्हणून नंबरापेक्षा जुन्या फोटोला मी जास्त मान देते, अट एकच: फोटोतली न पुसता येणारी खूण आजच्या पत्र्यावर सापडली पाहिजे. फायरवॉलला (इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्याला) हाताने पाडलेली भोकं, डॅशबोर्डमधली वाकडी कापणी, मडगार्ड काढल्यावर बुजवलेली छिद्रं. अशा तीन-चार खुणा जागच्या जागी जुळल्या तर तुटलेली साखळीही मला चालते.

गाडी चालवायलाच हवी असेल तर या भानगडीत पडूच नका. नव्या बॉडीची, प्रामाणिकपणे नवी सांगितलेली गाडी घ्या. नामवंत कारागिराच्या नावाचे जादा पैसे मोजत असाल, तर तेवढ्या रकमेसाठी फोटो आणि पत्रा समोरासमोर ठेवून दाखवायला सांगा. नाही जमलं तर नाव वजा करून, नुसत्या जुन्या फोर्डचा भाव द्या.