दहा वर्षांसाठी ट्रायथलॉन सायकल : सर्व्हेलो पी-सिरीज, कॅनियन स्पीडमॅक्स सीएफ की ट्रेक स्पीड कॉन्सेप्ट?

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्नमन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग ट्रायथलॉन शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा पुण्या-कोल्हापुरातून गेलेल्या अनेकांकडे साधी रोड बाइक होती आणि तिच्या हँडलला क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे कोपर टेकवून पुढे वाकून बसण्यासाठीचे दांडे, जोडलेले होते. त्यांतले बरेच जण आता खरी ट्रायथलॉन सायकल घेण्याच्या विचारात आहेत आणि त्यांच्या यादीत तीन नावे हटकून दिसतात : सर्व्हेलोची पी-सिरीज, कॅनियनची स्पीडमॅक्स सीएफ आणि ट्रेकची स्पीड कॉन्सेप्ट. तिन्ही कार्बनच्या, डिस्क ब्रेकच्या आणि ९० किंवा १८० किलोमीटर एकाच स्थितीत बसून काढण्यासाठी घडवलेल्या आहेत. तिघींत सर्वांत वेगवान कोणती, हा प्रश्न मी येथे घेतलेला नाही. हवेच्या विरोधातला सर्वांत मोठा वाटा स्वाराच्या स्वतःच्या शरीराचा असतो आणि दोन फ्रेममधला फरक मान तासभर खाली ठेवता न आल्याने सहज वाया जातो. प्रश्न एवढाच आहे की, दहा वर्षांनंतर यांतली कोणती सायकल चालवण्याजोगी, दुरुस्त करण्याजोगी आणि तेव्हाच्या शरीराला बसणारी राहील.

तुलना नेमकी कशाची, हे आधी स्पष्ट करतो. पी-सिरीज म्हणजे २०१९ मध्ये आलेली, जुन्या पी३ची जागा घेणारी डिस्क ब्रेकची सायकल. स्पीडमॅक्स सीएफ ही कॅनियनने २०२० मध्ये नव्याने मांडलेल्या मालिकेतली पहिली पायरी असून तिच्या वर सीएफ एसएलएक्स आणि सीएफआर आहेत. स्पीड कॉन्सेप्ट म्हणजे २०२१ मध्ये आलेली एसएलआर. ती इतर दोघींपेक्षा महाग आहे. पण वापरलेल्या सायकलींच्या बाजारात तिची गाठ याच दोघींशी पडते, म्हणून ती येथे आहे. जर्मन ट्रायथलॉनपटू यान फ्रोडेनोने २०१९ मध्ये हवाईतल्या कोनाला ७ तास ५१ मिनिटांत आयर्नमनचे विश्वविजेतेपद मिळवले ते कॅनियनवरून, हे खरे असले तरी आपल्या निर्णयात त्याचा उपयोग थोडाच आहे, कारण व्यावसायिक खेळाडूला नवी सायकल आणि सोबत मेकॅनिक मिळत राहतो आणि त्याला ती दहा वर्षे सांभाळायची नसते.

माझी पहिली ट्रायथलॉन सायकल या तिघींपैकी नव्हती. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पाचव्या वर्षी तिचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, खाली सरकू लागला. उघडून पाहिले तर आतली ॲल्युमिनियमची पाचर, अंगठ्याच्या नखाएवढी, मधोमध तडकली होती. सीटपोस्ट झाडाच्या पानासारख्या लांबट आकाराचा, म्हणून पाचरही त्याच आकाराची, आणि ते मॉडेल बंद झालेले असल्याने सुटा भाग कोणाकडेच नव्हता. चार महिने सायकल भिंतीवर टांगून राहिली. शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याने तडकलेल्या तुकड्यांवरून माप घेऊन दुसरी पाचर घासून दिली आणि पैसे घेताना विचारले, ‘एवढ्या महागाच्या सायकलीला साधा क्लॅम्प का नाही लावला?’ तेव्हापासून कोणतीही ट्रायथलॉन सायकल पाहताना मी तिच्यातले किती भाग केवळ तिची कंपनीच बनवते, ते आधी मोजतो. तिन्ही सायकलींचे सीटपोस्ट आणि त्यांचे क्लॅम्प कंपन्यांचे स्वतःचे आहेत, त्यामुळे या एका बाबतीत कोणीच निर्दोष नाही. खरा फरक पुढच्या भागात आहे.

पी-सिरीजचा पुढचा भाग तिघींत सर्वांत साधा आहे. हँडल धरणारा स्टेम वेगळा, बेसबार म्हणजे आडवे हँडल वेगळे, त्यावर एक्सटेन्शन म्हणजे पुढे जाणारे दांडे आणि कोपर टेकवायचे पॅड वेगळे. उद्या बेसबार वाकला, किंवा पॅड अधिक रुंद हवेसे वाटले, तर दुसऱ्या कंपनीचा भाग आणून बसवता येतो. दिसायला ही रचना थोडी जुनाट वाटते आणि वाऱ्याच्या बोगद्यात ती काही वॉट गमावत असणार. पण दहा वर्षांच्या हिशेबात मला हा तोटा वाटत नाही. स्पीडमॅक्सच्या वरच्या दोन पायऱ्यांत पॅड एकाच मधल्या खांबावर उभे असतात आणि सारे एकसंध असते. सीएफमध्ये कॅनियनने ती गुंतागुंत कमी ठेवली आहे आणि माझ्या मते म्हणूनच दीर्घ वापरासाठी सीएफ ही एसएलएक्सपेक्षा शहाणपणाची निवड ठरते, जरी मोह एसएलएक्सचाच होतो. स्पीड कॉन्सेप्टचा पुढचा भाग पूर्णपणे ट्रेकचा आहे. एकदा नीट फिट करून घेतला की तो अप्रतिम आहे. पॅडची उंची, लांबी आणि कोन हे सगळे बदलतात, मात्र ट्रेकच्याच खांबांच्या आणि पाचरींच्या आधाराने.

शरीर बदलते, याचा विचार खरेदीच्या दिवशी कोणी करत नाही. सहा वर्षांत मी माझे पॅड दोन सेंटिमीटर वर घेतले आहेत. पहिल्या वर्षी कमरेतून जेवढे वाकता येत होते, तेवढे आता तीन तास वाकून राहता येत नाही. म्हणून सायकल निवडताना आजच्या स्थितीला पॅड सर्वांत वरच्या स्पेसरवर (पॅड उंच करणाऱ्या चकतीवर) जात असतील, तर ती फ्रेम आपल्यासाठी नाही असे समजावे. वर जायला निदान ३० मिलिमीटर जागा शिल्लक हवी. पी-सिरीज ४८ ते ६१ अशा सहा मापांत येते, त्यामुळे मधल्या उंचीच्या माणसाला दोन मापांत निवडायला वाव मिळतो. बुटक्या व्यक्तींनी तिन्ही कंपन्यांचे सर्वांत लहान माप प्रत्यक्ष पॅडपर्यंत मोजूनच घ्यावे. केवळ उंचीच्या तक्त्यावर विसंबणे हा या खरेदीतला सर्वांत महाग हलगर्जीपणा आहे.

आता घामाकडे वळू. हा विषय परीक्षणांत क्वचित येतो; पण आपल्या हवेत तोच सायकलीचे आयुष्य ठरवतो. एरो स्थितीत हात ब्रेकवर नसतात, त्यामुळे गर्दीच्या रस्त्यांवर या सायकली फार चालवता येत नाहीत आणि त्यांचा बराचसा काळ घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, जातो. डोके थेट हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या सांध्याच्या, वर असते आणि दीड तास घाम तिथेच टपकत राहतो. मागच्या पावसाळ्यानंतर मी हेडसेटचे वरचे झाकण काढले, तेव्हा बेअरिंगच्या कडेला हळदीसारखी पिवळी-तांबूस पूड जमली होती आणि बोटाने फिरवताना बेअरिंग खडखडत होते. बेअरिंग स्वतः स्वस्त असते. पण ज्या सायकलीत ब्रेकच्या नळ्या आणि वायरी पुढच्या भागातून थेट फ्रेममध्ये जातात, तिथे ते बदलायला पुढचा भाग सोडवावा लागतो, प्रसंगी ब्रेकची नळी उघडून पुन्हा ब्लीड करावी, म्हणजे तिच्यातली हवा काढून द्रव भरावा लागतो, आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. या कसोटीवर पी-सिरीज पुन्हा पुढे आहे आणि स्पीड कॉन्सेप्ट सर्वांत मागे. सायकल कोणतीही घेतली तरी ट्रेनरवर टॉवेल ताणून बांधावा आणि दर तीन महिन्यांनी स्टेम व पॅडचे बोल्ट काढून ग्रीस लावावे. घामाने जाम झालेला छोटा बोल्ट ॲलन कीने गोल झाला की पुढचे सगळे ड्रिल घेऊन करावे लागते. ब्रेकबाबत एवढे लक्षात ठेवावे की ब्रेक आणि गिअर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ द्रव. डॉट हवेतली ओल शोषतो, म्हणून कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने तो दर वर्षी बदलण्याचा खर्च धरूनच स्रॅम निवडावे.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्याचा (क्रँकचा) आस ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तो भाग, त्याच्या बाबतीत मात्र क्रम उलटतो. स्पीड कॉन्सेप्टमध्ये टी४७ म्हणजे आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आहे. पान्याने काढावा, साफ करावा, पुन्हा घट्ट करावा. कोणताही बरा मेकॅनिक हे करू शकतो. कॅनियनमध्ये ८६.५ मिलिमीटर रुंदीचा प्रेसफिट आहे. दाबून बसवलेले बेअरिंग ठोकून काढावे लागते, हा त्याचा दोष. पण त्यात शिमानोचे अगदी सर्वसाधारण आणि स्वस्त बेअरिंग बसते, ही त्याची जमेची बाजू. २०१९ च्या पी-सिरीजमध्ये सर्व्हेलोचा स्वतःचा बीबीराइट आहे, तोही प्रेसफिट, ७९ मिलिमीटर रुंद आणि एका बाजूला अधिक पसरलेला. शिमानोचा २४ मिलिमीटरचा क्रँक त्यात बहुधा ॲडॅप्टर लावून बसतो आणि असा प्रत्येक ॲडॅप्टर किरकिरण्याची एक नवी जागा असते. शंभराव्या किलोमीटरला प्रत्येक पॅडलमागे येणारा तो ‘किर्र’ आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. पुढचा भाग सर्व्हेलोचा आणि बॉटम ब्रॅकेट ट्रेकचा अशी सायकल मिळाली असती, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

गिअरचा निर्णय फ्रेमशी जोडलेला आहे. पी-सिरीज आणि स्पीडमॅक्स सीएफ या शिमानो १०५ च्या साध्या केबलच्या गिअरसहही विकल्या गेल्या. नवी स्पीड कॉन्सेप्ट फक्त इलेक्ट्रॉनिक गिअरसाठीच आहे. केबल फ्रेमच्या आतून ओढणे कंटाळवाणे असले तरी केबल कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. उलट, शिमानोने २०२१ मध्ये ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे आपले वरचे दोन गिअर संच १२ गिअरवर नेताना त्यांत केबलचा पर्यायच ठेवला नाही आणि त्याच वेळी डीआय२ या आपल्या इलेक्ट्रॉनिक गिअरच्या वायरी एसडी५० वरून एसडी३०० वर आणल्या, ज्या एकमेकींत थेट बसत नाहीत. वापरलेली ११ गिअरची डीआय२ सायकल घेणाऱ्याने एक जादा वायर आणि जंक्शन (वायरी जोडणारी डबी) आत्ताच घेऊन ठेवणे बरे. तरीही मी स्वतः इलेक्ट्रॉनिकच निवडतो, कारण त्यात बेसबारवरूनही गिअर बदलता येतो. चढावर उभे राहून पॅडल मारताना एक्सटेन्शनच्या टोकाशी हात नेणे मला कधीच सुरक्षित वाटले नाही.

पाणी आणि खाण्याच्या सोयीवर जाहिराती पानेच्या पाने खर्च करतात. फ्रेमच्या आतली पाण्याची टाकी कॅनियनने वरच्या पायऱ्यांसाठी राखली आहे, आणि सीएफमध्ये ती नाही याचे मला दुःख नाही, कारण आपल्या उकाड्यात साखरेच्या पाण्याची टाकी आतून घासून स्वच्छ ठेवणे सोपे नसते. दोन पॅडच्या मध्ये आडवी बाटली कोणत्याही सायकलीला लावता येते.

आरामाच्या बाबतीत स्पीड कॉन्सेप्टचा आयसोस्पीड हा सांधा सीट ट्यूबला किंचित लवू देतो आणि खडबडीत रस्त्यावर तो जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तोही बेअरिंग असलेला आणि ट्रेकचाच भाग आहे. २८ मिलिमीटरचे टायर कमी हवेवर चालवून बराचसा तसाच परिणाम इतर दोघींतही मिळतो.

हमीचे गणित मात्र नीट वाचावे. ट्रेक आणि सर्व्हेलो मूळ खरेदीदाराला फ्रेमवर आजीवन हमी देतात, कॅनियन सहा वर्षांची देते, आणि पडून झालेले नुकसान कोणाच्याही हमीत येत नाही. ‘मूळ खरेदीदार’ हे शब्द वापरलेल्या सायकलीच्या ग्राहकाला कोरडे ठेवतात. कॅनियन जर्मनीतल्या कोब्लेन्झहून थेट ग्राहकाला विकते, मध्ये दुकान नसते. किंमत त्यामुळेच आकर्षक होते आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुटल्यावर दार ठोठवायला कोणी नसते तेही त्यामुळेच. ट्रेकचे विक्रेते भारतात आहेत आणि तिचा बंदिस्त पुढचा भाग सहन करण्याजोगा होतो तो याच कारणाने.

तेव्हा माझा कौल असा. ज्याची स्थिती अजून ठरायची आहे, जो सायकल स्वतः उघडतो, किंवा ज्याच्या गावात चांगला मेकॅनिक एकच आहे, त्याने पी-सिरीज घ्यावी आणि बॉटम ब्रॅकेटची किरकिर गृहीत धरावी. जमल्यास आट्यांनी दोन्ही बाजू जोडणारा प्रेसफिट पहिल्याच सर्व्हिसला बसवून टाकावा. पाच-सहा वर्षे एकाच स्थितीत बसून स्थिरावलेल्या आणि ट्रेकच्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या स्वाराला स्पीड कॉन्सेप्ट पैशांचा पुरता मोबदला देईल. स्पीडमॅक्स सीएफ परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना सर्वांत परवडणारी ठरेल. ज्याला ती भारतात आणायची आहे त्याने सायकलीबरोबरच दोन हँगर, सीटपोस्टचा क्लॅम्प, हेडसेटची दोन्ही बेअरिंग आणि पॅडच्या बोल्टचा एक संच मागवावा, सगळे एका डब्यात घालून त्यावर मॉडेलचे नाव व वर्ष लिहावे आणि तो डबा सायकल विकेपर्यंत कोणाला उसना देऊ नये.