एसक्यूलाइट की पोस्टग्रेस? आधी लिहिणारे मोजा

मुक्तस्रोत डेटाबेस निवडायचा म्हटलं की शेवटी बहुधा एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस ही दोन नावं उरतात. मग डेटा किती वाढेल यावर वाद सुरू होतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: डेटाबेसमध्ये एकाच वेळी लिहिणारे किती, आणि किती मशीनवरून?

एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही. लायब्ररी तुमच्याच प्रोग्राममध्ये चालते, डेटा एका फाइलमध्ये राहतो. मोबाइल ॲप, डेस्कटॉप सॉफ्टवेअर किंवा मुख्यतः वाचलीच जाणारी वेबसाइट असेल तर मी बेधडक हेच घेईन. पण एका क्षणी लिहिणारा एकच. 2010 साली आलेला वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवण्याची पद्धत) चालू केला की कुणी लिहीत असतानाही वाचणारे अडत नाहीत. लिहिणाऱ्यांची रांग मात्र तशीच राहते आणि ती लांबली की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ ही एरर येऊ लागते. फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोन सर्व्हरना जोडायचा बेत असेल तर तो सोडाच. तिथल्या लॉकिंगचा (दोघांनी एकदम लिहू नये म्हणून फाइल अडवण्याचा) भरवसा नसतो, आणि वॉल तर चालतच नाही.

दोन सर्व्हर आले की पोस्टग्रेस. एकाच टेबलातल्या वेगवेगळ्या ओळी अनेक जण एकाच वेळी बदलू शकतात. त्या बदल्यात देखभाल गळ्यात पडते: बॅकअप, व्हॅक्यूमवर (बाद झालेल्या ओळींच्या सफाईवर) लक्ष, आवृत्ती बदलणं (मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते). प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस लागते, मूळ मर्यादा 100 आहे. म्हणून गर्दी वाढली की पूलर (थोडीच कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मधला प्रोग्राम) बसवावा लागतो.

शिस्तीचा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इंटिजर (पूर्णांकाच्या) कॉलममध्ये ‘दहा’ असा मजकूर घाला: पोस्टग्रेस तिथल्या तिथे नाकारतो, एसक्यूलाइट निमूट साठवतो. 2021 पासून त्यातही टेबल ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे असा मजकूर नाकारणारं, करता येतं, पण ते तुम्ही मागावं लागतं. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका टेबलातल्या ओळीने दाखवलेली दुसऱ्या टेबलातली ओळ खरंच आहे का, याची) तपासणीही मुळात बंद असते. ती प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते.

परवाना दोन्हींचा मोकळा. योगदान द्यायचं असेल तर मात्र पोस्टग्रेसकडे जा. एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीचं असलं तरी बाहेरचा कोड सहसा घेत नाही.

आणि चाचण्या एसक्यूलाइटवर, प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापर) पोस्टग्रेसवर अशी विभागणी करू नका. तो ‘दहा’ चाचणीत पास होईल आणि प्रॉडक्शनमध्ये अडेल.