महालमधले रोडगेवाले काकाजी: आजीच्या वर्षाच्या जेवणाचा अनुभव

नागपूरच्या महालमधे एक रोडगेवाले काकाजी आहेत (रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे), त्यांच्या टीमला आम्ही आजीच्या वर्षाच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या जेवणाचं काम दिलं होतं, त्याचा हा रिव्ह्यू. त्यांचं दुकान नाही, बोर्ड नाही, काहीच नाही. महालातल्या जुन्या किराणावाल्यांना विचारलं की नंबर मिळते. नागपुरात पंगतीचं जेवण द्यायचं असेल आणि मेनू रोडगे-वांग्याचा असेल तर डोळे मिटून यांना सांगा. पण मी इतकं का म्हणून राहिली हे समजायला आजी कशी होती ते सांगावं लागेल, कारण त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याच नजरेनं जेवण पाहत होतो.

आजी लग्न होऊन महालात आली ती तिथलीच झाली. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, गजानन महाराजांची पोथी, संध्याकाळी हरिपाठ, ताप असला तरी यात खंड नाही. मंगळवारी टेकडी गणपती, आषाढी झाली की धापेवाड्याला विठोबाच्या यात्रेला, पितृपक्षात भोसल्यांच्या हाडपक्या गणपतीला, आणि शेजारच्या काकूंसोबत ताजबागच्या दर्ग्यालाही चादर चढवायला जायची. नात्यातल्या कोणी एकदा विचारलं की तिथं कशाला जाता, तर म्हणाली, "देव काय वाटून घेतले का बाप्पा आपण?" विषय संपला.

पण देवळात जाऊन गुपचूप परत येणारी बाई नव्हती ती. स्टार बसमधे बाजूला बसलेल्या बाईचं माहेर, सासर, लेकरं, बीपीची गोळी सगळं सीताबर्डी येईपर्यंत हिला माहीत व्हायचं आणि उतरताना त्या बाईला घरी यायचं आमंत्रण. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चे टेकडी रोडवर अडवतात, तर ही गणपतीचं दर्शन घेऊन सरळ मोर्च्यातल्या बायांजवळ जाऊन बसायची, कुठून आल्या, मागणी काय आहे, जेवल्या का. अंगणवाडीच्या सेविका असोत की आशाताई, पिशवीत संत्री असायचीच त्या सीझनला, ती सगळी वाटून रिकामी पिशवी घेऊन घरी. 1956 मधे बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा दिली तेव्हा ती लहान पोरगी होती, पांढऱ्या कपड्यातली इतकी माणसं पुन्हा कधी एका जागी पाह्यली नाही म्हणायची, आणि पुढं गल्लीतल्या बायांना जमवून दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी पोळी-भाजीची पाकिटं बांधायला तिनंच लावलं. कोणाची बाळंतीण आली, कोणाचा पोरगा बारावीत नापास होऊन घरात बसला, सगळ्यांकडे ही जायचीच आणि हातात काही ना काही असायचंच.

महालक्ष्म्यांना आमच्याकडे आंबील, पुरण, सोळा भाज्या, आणि हनुमान जयंतीला गल्लीतल्या मारुतीला रोडगे. या दोन दिवशी तिचा एकच नियम होता, पान मांडायच्या आधी समोरचा कोण आहे हे विचारायचं नाही.

म्हणून वर्षश्राद्धाचा विधी घरी झाल्यावर पुढच्या रविवारी मारुतीच्या मैदानात रोडग्यांची पंगत करायचं ठरलं. आधी एका मोठ्या केटररला विचारलं, त्यांनी सांगितलं रोडगे ओव्हनमधे करून आणतो, वाढायला बुफे काउंटर लावतो, माणशी कूपन द्या म्हणजे हिशोब बरोबर राहते. आमच्या घरचे मोठे काकाजी फोन ठेवून म्हणाले, आईच्या जेवणाला कूपन? मग महालातूनच या रोडगेवाल्यांचं नाव आलं.

यांची पद्धत आवडली मला. पहिले जागा पाहायला आले. वारा कोणत्या बाजूनं येते, गोवऱ्या कुठं लावायच्या, धूर पंगतीवर जाणार का, पाण्याचा नळ किती दूर, हे सगळं पाहून मग बोलले. कणीक रवाळ दळून आणायला सांगितली, चक्कीवाल्याला काय सांगायचं ते पण सांगितलं, बारीक पिठाचे रोडगे आतून चिकट राहतात म्हणे. बाकी सामानाची यादी लिहून दिली, तुम्ही आणा नाहीतर ते आणतात. मजुरी प्लेटवर नाही, कणकेच्या किलोवर घेतात, त्यामुळे माणसं वाढली म्हणून कोणी डोकी मोजत बसत नाही.

त्या दिवशी पहाटे अंधारातच आले. थंडी जाम होती. एकीकडे गोवऱ्यांची लांब ओळ रचून पेटवली आणि दुसरीकडे कणकेत ओवा, मीठ, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायला घेतली. प्रत्येक गोळा थोडा लाटून, तेल लावून, घडी घालून पुन्हा वळतात, त्यानंच आत पदर सुटतात. धूर पूर्ण जाईपर्यंत एकही रोडगा त्यांनी आगीवर ठेवला नाही, आमच्यातले काही लोक घाई करून राहिले होते पण काकाजी हलले नाहीत, धुरात ठेवला की कडू वास लागते. वरून पांढरी राख आणि आत लाल विस्तव झाला तेव्हा रोडगे मांडले, चिमट्यानं फिरवत राहिले, वरची साल कडक झाली की मग सगळे गरम राखेखाली गाडून टाकले. साल आधी कडक झाली की राख चिकटत नाही. शिजल्यावर धुतलेल्या पोत्यात टाकतात, दोन पोरं दोन टोकं धरून झोका देतात, राख खाली आणि रोडगे आत खडखड वाजतात, मग कपड्यानं पुसून अंगठ्यानं मधोमध फोडून तुपाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात बुडवतात. माझ्या हातात एक दिला त्यांनी चाखायला. वरून कुरकुरीत, आत पदरपदर सुटलेला, ओव्याचा वास आणि तूप पार आतपर्यंत गेलेलं. ओव्हनच्या रोडग्यात ही गोष्ट येऊच शकत नाही.

वांग्याची भाजी पण तशीच. लहान काटेरी वांगी, बटाटे, तीळ-शेंगदाणा-खोबऱ्याचं वाटण, थोडा जवस, आणि भिवापुरी तिखट, तर्री वर आलेली पण घसा जळत नाही. वरून सांबार म्हणजे कोथिंबीर भरपूर. सोबत लसूण-लाल मिरचीच्या फोडणीचं घट्ट वरण, भात, मठ्ठा, आणि लेकरांसाठी रोडगा कुस्करून गूळ-तूप. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण त्यांनीच आणले, प्लास्टिक लेपवाल्या नाही. आजीला थर्माकोलची प्लेट दिसली की ती जेवणच सोडायची, हे आम्ही त्यांना सांगितलं पण नव्हतं.

आता वाढणं. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कारण चांगला स्वयंपाक करणारे नागपुरात पुष्कळ भेटतील, वाढणारे भेटत नाहीत. यांचे वाढपी बहुतेक त्यांच्याच घरातले, पुतणे, भाचे, सुना. पंगत बसली, पुंडलिक वरदे झालं, आणि तुपाची किटली घेऊन एक वयस्कर बाई फिरत होत्या, प्रत्येकासमोर वाकून, "घ्या न काकाजी, अजून एक घ्या, थंडीचे दिवस आहेत." आमच्या ओळखीचे कोण आणि रस्त्यावरून आलेले कोण हे त्यांना माहीतच नव्हतं, पण कोणाच्या पानावर कमी तूप पडलं असं मला दिसलं नाही.

आम्ही 150 लोकांचं सांगितलं होतं. आजीची गोष्ट असल्यामुळे माणसं येतच गेली. टेकडीबाहेर हार विकणारी मावशी आली, ताजबागवाल्या काकू त्यांच्या सुना घेऊन आल्या, तिच्या हरिपाठाच्या बाया आल्या, आणि एक बाई आली जिला आमच्यातलं कोणीच ओळखत नव्हतं, ती म्हणाली तुमच्या आजी मला बसमधे भेटल्या होत्या, माझ्या मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन घरी आल्या होत्या. माझी आई तिला धरून रडली. काकाजींनी ते पाह्यलं आणि कोणाला न विचारता अजून कणीक मळायला घेतली. नंतर मैदानाबाहेर कचरागाडीवरचे दोघं आणि तीन-चार ऑटोवाले उभे होते, येऊ की नको अशा नजरेनं ते आमच्याकडे पाहत होते, तर त्या तूपवाल्या बाईंनीच हात करून बोलावलं, पंगतीत बसवलं, आणि सगळ्यांना मिळत होतं तेच, तितकंच वाढलं. शेवटपर्यंत 200 च्या वर पानं उठली असतील.

कमी काय होतं ते पण लिहिते. शेवटच्या पंगतीत वरण पातळ झालं होतं, माणसं वाढल्यावर पाणी घालून वाढवलं ते स्पष्ट कळत होतं. पहिली पंगत सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा बसली, शुगरवाल्या म्हाताऱ्यांना त्रास झाला, तुमच्या घरी असे कोणी असतील तर आधी काहीतरी खायला ठेवा. पाण्याचे ग्लास आमचेच होते आणि ते कमी पडले, ग्लासचं आधीच नीट बोलून घ्या. पैसे पूर्ण कॅश घेतात, यूपीआय चालत नाही. आणि मोकळी जागा लागतेच, फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमधे गोवऱ्या पेटवून देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जेवणं झाल्यावर मैदान त्यांनीच झाडलं, राख पोत्यात भरून नेली, झाडांना टाकतात म्हणे. उरलेले रोडगे बांधून दिले, ते थंडीत दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात, तव्यावर तूप टाकून गरम करायचे. जास्तीच्या कणकेची मजुरी त्यांनी मागितली नाही, मोठ्या काकाजींनी जबरदस्तीनं दिली. 5 पैकी साडेचार, अर्धा कट वेळेचा आणि वरणाचा.

आता हनुमान जयंतीचे मारुतीचे रोडगे पण त्यांच्याकडेच दिले आहेत, गल्लीतल्या बायांनी वर्गणी जमवणं सुरू केलं आहे. चैत्रात नागपूरचा पारा 40 च्या वर जाते, म्हणून तेव्हा ते मध्यरात्रीनंतरच गोवऱ्या लावतात आणि पंगत सकाळीच बसवतात. तुम्हाला उन्हाळ्यात सांगायचं असेल तर हे आधी पाहुण्यांना कळवा, आणि चैत्र पौर्णिमा सोडून दुसरा दिवस मागा.